उन्हाळ्यात पक्षी-प्राण्यांना मदत कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरतो न सरतो तोच अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरचे तापमानाचे आकडे पेपरात ठळक छापून येऊ लागतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. याच दिवसांत पक्ष्यांना पाणी कशात ठेवू, अंगणात घार पडली आहे काय करू, असे प्रश्न सगळीकडून येतात. विचारणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण घाईने, माहिती नसताना केलेली मदत त्या जिवाच्या मुळावर येऊ शकते, म्हणून काही उत्तरं सविस्तर दिली आहेत. लिहिताना विदर्भ-मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा डोळ्यांसमोर आहे. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दमट हवेत बारीकसारीक फरक करावे लागतील.

पक्ष्यांसाठी पाणी कशात आणि कुठे ठेवावं?

मातीचं पसरट भांडं घ्या. कुंभाराकडची परळ किंवा कुंडीखाली ठेवायची मातीची ताटली छान चालते. चकाकी न चढवलेल्या मातीतून पाणी झिरपतं, ते उडून जाताना आतलं पाणी गार होतं, माठाचंच तत्त्व. प्लास्टिकच्या गुळगुळीत काठावर पक्ष्यांचे पाय टिकत नाहीत आणि स्टीलचं भांडं उन्हात तापलं की चटका देतं. पाणी दोन-तीन बोटं खोल पुरे. मध्ये एक खरबरीत दगड ठेवा, म्हणजे बुलबुल, शिंजीर असे छोटे पक्षी त्यावर बसून पाणी पितील आणि आंघोळही करतील. उन्हाळ्यात पक्ष्यांना आंघोळ पिण्याच्या पाण्याइतकीच लागते.

जागा निवडताना एक गोष्ट हमखास राहून जाते. सकाळी नऊला सावलीत असलेली गच्चीची कड दुपारी दोनला उन्हात असते. भांडं ठेवण्याआधी एक दिवस ती जागा दुपारी जाऊन बघा. मांजर दबा धरून बसेल इतक्या दाट झुडपाला लागून ठेवू नका; पाच-सहा फूट मोकळी जागा असली की पक्ष्याला उडायला वेळ मिळतो. शक्य असेल तर एक भांडं वर आणि एक जमिनीवर ठेवा. चिमण्या-बुलबुल कठड्यावर येतात, पण सातभाई, खार, मुंगूस यांना जमिनीवरचं सोयीचं पडतं.

आणि पाणी छतावरच्या टाकीतलं थेट भरू नका. दुपारी त्या नळाला हात लावून बघितला तर कारण कळेल.

रोज पाणी बदलणं जमत नाही. डास होतील का?

होतील. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अशीच छोटी, स्वच्छ पाण्याची भांडी आवडतात, आणि उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो. रोज सकाळी उरलेलं पाणी झाडाला ओता आणि ताजं भरा. दर दोन-तीन दिवसांनी नारळाच्या शेंडीने भांडं खसाखसा घासा, साबण न लावता. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. शिवाय एकाच भांड्यावर बरेच पक्षी येतात, विष्ठा पडते आणि आजारी पक्ष्याचा रोग बाकीच्यांना लागतो.

गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा. ते जमत नसेल तर भांडं पालथं घालून जा. शेवाळलेल्या पाण्यापेक्षा रिकामी जागा बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्यात साखर, मीठ, ग्लुकोज किंवा इलेक्ट्रॉल घालावं का?

नाही. साधं, गार, स्वच्छ पाणी. बर्फही नको.

दाणेही ठेवावेत का?

मूठभर बाजरी, ज्वारी किंवा तांदळाची कणी चालेल. सकाळी ठेवायची आणि दुपारपर्यंत संपेल इतकीच. रतीब वाढवला की पारवे जमतात आणि चिमण्यांना जागा उरत नाही. शिळी पोळी, ब्रेड, फरसाण, तेलकट-मिठाचं काहीही नको. मिठामुळे तहान वाढते. चिमणीचं पिल्लू तर सुरुवातीला अळ्या-किड्यांवर वाढतं, दाण्यांवर नाही. अंगणात कीटकनाशक न मारणं हे त्याच्यासाठी बाजरीच्या पोत्यापेक्षा मोलाचं आहे.

भर दुपारी घार (किंवा कावळा, पारवा) अंगणात पडली आहे. चोच उघडी आहे, उडत नाही. काय करू?

आधी तिला काय होतंय ते समजून घ्या. पक्ष्यांना घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला ते चोच उघडून धापा टाकतात, गळ्याची कातडी भराभर थरथरवतात, पंख अंगापासून सैल सोडतात. कठड्यावर चोच उघडी टाकून बसलेला कावळा आजारी असतोच असं नाही, तो स्वतःला गार करत असतो. त्याला तसाच राहू द्या. पण या धापांमध्ये अंगातलं पाणी जातं. पाणी मिळालं नाही, सावली मिळाली नाही, तर एक वेळ अशी येते की पक्षी जमिनीवर बसतो, डोळे अर्धे मिटतो आणि जवळ गेलं तरी हलत नाही. तेव्हा मदत करायची.

जुना टॉवेल किंवा चादर डोक्यासकट अलगद टाका. डोळे झाकले की पक्षी शांत होतो. घारीच्या चोचीपेक्षा नख्यांना जपा. पाय कपड्याच्या आत धरा. पुठ्ठ्याच्या खोक्याला हवेसाठी भोकं पाडा, तळाशी कापड अंथरा, पक्षी आत ठेवून झाकण लावा आणि खोकं घरातल्या गार, शांत कोपऱ्यात ठेवा. कूलरच्या थेट झोतात नको. आत जड बुडाची पाण्याची वाटी ठेवा. मुलांना उघडून बघू देऊ नका, फोटोही नंतर. जंगली पक्ष्याला माणसाचा चेहरा जवळ दिसणं हीच मोठी भीती असते, आणि थकलेल्या जिवाला ती भीती झेपत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं: चोच उघडून पाणी ओतू नका. ड्रॉपरनेही नाही, कापसानेही पिळून नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि उन्हाने न मेलेला पक्षी पाण्याने मरतो. अशा पक्ष्यांच्या बाबतीत मायेपोटी होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे. फार तर पायांवर थोडं पाणी शिंपडा. पिण्याचं त्याचं त्याला ठरवू द्या.

अनेकदा तास-दोन तासांत पक्षी सावरतो, खोक्यात खुडबुड ऐकू येते. तरीही दुपारी सोडू नका. ऊन उतरल्यावर, अंधार पडायच्या आत, खोकं मोकळ्या जागी ठेवून झाकण उघडा आणि मागे व्हा. उडाला नाही, एक पंख लोंबत असेल, रक्त दिसत असेल किंवा मांजा गुंतलेला असेल, तर प्रश्न उन्हाचा नाही. वनविभागाला किंवा बचाव केंद्राला कळवा. संक्रांतीचा नायलॉन मांजा मे महिन्यातही झाडांवर लटकत असतो.

पिल्लू घरट्यातून खाली पडलं आहे. हात लावला तर आई घेणार नाही ना?

घेते. बहुतेक पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत, तेव्हा ही समजूत सोडून द्या.

पिल्लाला पूर्ण पिसं आली असतील, ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात आणि जमिनीवरही भरवतात. कुत्र्या-मांजराच्या वाटेतून उचलून जवळच्या झुडपात, सावलीत ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. अंगावर पिसं नसतील तर ते घरट्यातच हवं. पत्र्याखालची, छपराच्या फटीतली घरटी भट्टीसारखी तापतात. पिल्लं वाऱ्यासाठी कडेला सरकतात आणि पडतात. घरटं सापडलं तर परत ठेवा. मोडलं असेल तर छोट्या टोपलीत सुकं गवत घालून ती त्याच झाडाला सावलीत बांधा. तासाभरात आईबाप फिरकले नाहीत तरच पुढची धावाधाव.

घरी वाढवायचा मोह आवरा. पोपट, मैना, घुबड यांच्यासह आपल्याकडच्या जवळपास सगळ्या रानपाखरांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सापडलेलं पोपटाचं पिल्लू पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

शेतात टिटवीची अंडी रणरणत्या उन्हात उघड्यावर आहेत. काही झाकण घालू का?

घालू नका, टिटवीला तिचं काम येतं. ती अंडी मुद्दामच उघड्यावर, ढेकळांच्या रंगात मिसळून जाणारी घालते. दुपारी तुम्ही लांबून, शक्य तर दुर्बिणीतून बघा. ती अंड्यांवर बसलेली नसते, वर उभी असते, पंख किंचित पसरून स्वतःच्या सावलीत अंडी धरून. मग नर-मादी पाळी बदलतात. मोकळी झालेली टिटवी जवळच्या पाटाकडे, डबक्याकडे जाते, पाण्यात पोट बुडवून पिसं ओली करते आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसते. उन्हाने अंडी शिजू नयेत म्हणून ही तिची खेप दिवसभर चालते. तुम्ही घरट्याशी उभे राहिलात तर ती ओरडत तुमच्याभोवती घिरट्या घालते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. म्हणजे आपण काळजीने बघत उभं राहणंच तिथे घातक.

मदत करायचीच असेल तर दोन गोष्टी करा. उन्हाळी नांगरट असेल तर घरट्यापासून दहाएक पावलांवर काठी रोवून ट्रॅक्टरवाल्याला ती जागा दाखवा आणि तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडा. आणि जवळच्या डबक्यात, पाटात थोडं पाणी राहील असं बघा. टिटवीने अंडी कुठे घातली यावरून पावसाचा अंदाज बांधणारी जुनी माणसं अजून गावोगाव आहेत, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला फार समजवावं लागत नाही.

वटवाघळं झाडाखाली मरून पडली आहेत. साथ आली आहे का?

कडक उन्हाळ्यात, वारा पडलेल्या दुपारी असं घडलं असेल तर कारण बहुधा उष्णता असते. मोठी फळखाऊ वटवाघळं दिवसभर उघड्या झाडांवर लटकतात, आणि हवा ४२ अंशांच्या पुढे गेली की पंखांनी वारा घालून, अंग चाटून ओलं करूनही त्यांना स्वतःला गार ठेवता येईनासं होतं. मे २०२०मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूर जिल्ह्यात अशीच वटवाघळं मेली. कोरोनाच्या दिवसांत लोक घाबरून गेले होते. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या तपासणीत कारण उष्माघात निघालं.

तरीही उघड्या हाताने मेलेल्या किंवा जिवंत वटवाघळाला शिवू नका, आणि मुलांना व कुत्र्यांना लांब ठेवा. वनविभागाला कळवा. त्यांच्या झाडाखाली दिवसा फटाके, दगड, ढोल काही नको. उन्हात उठून उडायला लावलं तर उरलेलीही पडतील. फळझाडांचं परागीकरण आणि बियांचा प्रसार ती करतात, गावाचं काही बिघडवत नाहीत.

नळाशी, कूलरशी मधमाश्यांची झुंबड उडते. चावतील का?

त्या पाणी न्यायला आलेल्या असतात. पोळ्यात पाण्याचे थेंब पसरून त्यांवर पंखांनी वारा घालायचा, अशी त्यांची गारवा करायची रीत आहे. आग्या मोहोळ असो की सातेरी, पाण्यावर आलेली माशी सहसा भांडत नाही. हात झटकले, धूर किंवा फवारा मारला तर बिथरते. कूलरपासून लांब, एका ताटलीत गोटे भरून ते अर्धे बुडतील इतकं पाणी ठेवा आणि ते कधी आटू देऊ नका. दोन-चार दिवसांत माश्या तिकडे वळतात.

न्हाणीघरात साप निघाला.

गारव्याला येतो. बेडूक, पाली, उंदीरही तिथेच असतात, हे दुसरं कारण. दार ओढून घ्या, फटीत कापड लावा, लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा. मारायला किंवा पकडायला गेल्यावरच बरेच दंश होतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार विषारी साप ओळखता येत नसतील तर प्रत्येक साप विषारी समजून अंतर ठेवा. दंश झालाच तर १०८ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. रात्री अंगणात, विशेषतः कूलरच्या आणि पाण्याच्या भांड्यांच्या आसपास, बॅटरीशिवाय फिरू नका.

शेततळ्यात, विहिरीत जनावरं पडतात. काय करता येईल?

हा प्रश्न जितका विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही. घरोघरी ठेवलेल्या परळींपेक्षा एका शेततळ्याला लावलेला दोर जास्त जीव वाचवतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन.

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६पासून आली आणि कोरडवाहू शेतकऱ्याला तिचा आधार झाला. पण तळ्यात पाणी टिकावं म्हणून जो जाड प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो ओला झाला की काचेसारखा गुळगुळीत होतो. आसपासचे ओढे आटलेले असतात, पाण्याचा वास येतो, आणि रात्री हरीण, नीलगाय, कोल्हा, रानमांजर, साळिंदर काठावरून वाकतात आणि घसरतात. पोहता सगळ्यांनाच येतं. बाहेर मात्र पडता येत नाही. खुरं-नख्या कागदावर धरत नाहीत, जनावर त्याच उतारावर पुन्हा पुन्हा चढायचा प्रयत्न करतं आणि दमून बुडतं. माणसंही अशीच बुडतात.

उपाय स्वस्त आहे. काठावर मजबूत खुंट रोवा आणि तिथून तळापर्यंत जाड काथ्याच्या दोरखंडाची जाळी किंवा एकमेकांना बांधलेले जुने टायर सोडा. टायर शिडीसारखे पडतात आणि खुरालाही पकड मिळते. फक्त बांधताना तार किंवा टोकदार काही ठेवू नका, कागद फाटेल. एका बाजूला सोडून भागत नाही, चारही उतारांवर हवं, कारण घाबरलेलं जनावर जवळची बाजू धरतं. भोवती कुंपण असेल तर उत्तमच. आणि कुंपणाबाहेर बांधावर सिमेंटची उथळ डोणी भरून ठेवली, तर जनावराला तळ्याकडे जायची गरजच उरत नाही. घराजवळच्या हौदांना, ड्रमांनाही हाच नियम: आत एक खरबरीत फळी किंवा फांदी तिरकी सोडून ठेवा. खारी आणि सरडे रोज त्यांत मरतात, आपल्या लक्षात येत नाही इतकंच.

बिनकठड्याच्या विहिरींचं दुखणं जुनं आहे. जुन्नर, नाशिक, अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात बिबटे विहिरीत पडल्याच्या बातम्या वर्षभर येतात; कोल्हापूरकडे गवे पडतात. वापरात नसलेल्या विहिरीला कठडा बांधा, निदान जाळी टाका. बिबट्या पडलेला दिसला तर वनविभाग येईपर्यंत एकच काम करा: खाटेच्या चारही पायांना दोर बांधून ती अलगद पाण्यावर सोडा. पोहून दमलेलं जनावर तिच्यावर चढून बसतं आणि तास न् तास तग धरतं. शिडी मात्र स्वतःहून लावू नका, आणि गर्दी हटवा. वर आलेल्या बिबट्याला चहूबाजूंनी माणसं दिसली की पुढे जे होतं त्यात दोघांचंही नुकसान असतं.

आम्ही काही मित्र मिळून जंगलाच्या कडेला पाणवठा करणार आहोत. चालेल ना?

वनविभागाला विचारल्याशिवाय नको. पाणी जिथे असेल तिथे हरणं येतील, हरणांमागे वाघ-बिबट्या येईल. गावाच्या किंवा रस्त्याच्या जवळ नवा पाणवठा केला की आपण त्यांना माणसाच्या आणि गाड्यांच्या वाटेवर आणून बसवतो. दुसरा धोका शिकाऱ्यांचा. उन्हाळ्यात पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, शिकारीही तिथेच दबा धरतात, कधी पाण्यात विष कालवतात. म्हणून पाणवठ्यावर रोजची गस्त लागते, आणि ती तुमच्या मित्रमंडळाला झेपणारी नाही.

ताडोबासारख्या जंगलात नैसर्गिक पाणवठे आटू लागले की बशीच्या आकाराच्या सिमेंटच्या टाक्या भरल्या जातात. सौरपंप आल्यापासून आत टँकर नेण्याची गरज बरीच कमी झाली. बशीचा आकार अशासाठी की ससा आणि घोरपडही पाण्यापर्यंत जावी आणि परत यावी. तुम्हाला हातभार लावायचा असेल तर स्थानिक वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा: गाळ काढायला माणसं हवीत का, वनतळ्याची दुरुस्ती आहे का. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी नोंदवण्याचा कार्यक्रमही वनविभाग घेतो, त्यात नाव नोंदवता येतं. आणि सफारीला गेलात तर पाण्यात बसलेल्या वाघासमोर गाड्यांची भिंत करू नका, चालकालाही तसं सांगा. वाघ हौसेने पाण्यात बसत नाही. त्याला गार व्हायचं असतं, आणि मागे सांबरांचा कळप आपली पाळी येण्याची वाट बघत असतो.

घाटात माकडांना केळी, पाण्याच्या बाटल्या दिल्या तर?

देऊ नका. रस्त्यावर खाणं मिळतं हे कळलं की टोळी रस्त्यावरच राहते आणि गाड्यांखाली येते. बाटली दिली तर प्लास्टिकही जंगलात जातं.

बैल, गाई, म्हशींसाठी काय करावं?

पाणी, सावली, वारा आणि कामाची वेळ, या चार गोष्टी सांभाळा. दुभत्या मोठ्या जनावराला या दिवसांत सत्तर-ऐंशी लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी लागतं. दिवसातून दोनदा पाजून भागत नाही, पुढ्यात सतत हवं, आणि हौद सावलीत हवा. तापलेलं पाणी जनावर कमी पितं आणि संध्याकाळी दूध घटतं.

म्हशीचा त्रास गाईपेक्षा जास्त. कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, म्हणून ती डुंबायला धडपडते. तळं नसेल तर दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी मारा. संकरित होल्स्टीन, जर्सी गाईंना आपल्या गवळाऊ, देवणी, खिल्लार जनावरांपेक्षा ऊन लवकर बाधतं. गोठ्याच्या पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचं पाचट पसरा, नाहीतर वरून चुना मारा. बाजूंना ओलं गोणपाट लावाल तर वारा खेळता राहील असं लावा. चारही बाजू बंद केल्या तर आत दमट कोंडमारा होतो आणि तो उघड्या उन्हाइतकाच वाईट. कडबा रात्री घाला. कोरडी वैरण पचताना अंगात उष्णता होते, ती दुपारी नको. पाण्याच्या ताणात खुरटलेली ज्वारी किंवा कापणीनंतरचे कोवळे फुटवे जनावराला खाऊ देऊ नका, त्यातून जीवघेणी विषबाधा होते.

कामाच्या वेळेबद्दल कायदाच आहे, पण तो फार थोड्यांना माहीत असतो. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांनुसार, तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपता येत नाही. दिवसाला एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. विदर्भात एप्रिल-मेमधला जवळपास प्रत्येक दिवस ३७ अंशांच्या अटीत बसतो. बाजारात, रेतीघाटावर, वीटभट्टीवर दुपारी जुंपलेली जनावरं दिसली तर मालकाला आधी शांतपणे हे सांगा. बैल कोसळला तर नुकसान त्याचंच आहे आणि ते त्याला समजतं.

धाप, तोंडाला फेस, लोंबती जीभ, लडखडणं दिसलं तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी मारत राहा आणि डॉक्टरांना बोलवा.

घरच्या कुत्र्याला ऊन लागलं हे कसं ओळखायचं?

थांबता न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या, उलटी. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८-३९ अंश असतं. ४१च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. पग, शिह त्झू, बॉक्सर या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना फार लवकर होतं.

आधी गार करा, मग गाडीत घाला. माठातलं किंवा सावलीतल्या बादलीतलं पाणी पोटावर, काखेत, जांघेत, पंज्यांवर ओतत राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असेल तर पाणी पुढ्यात ठेवा, घशात ओतू नका. तो सावरल्यासारखा वाटला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

फिरायला नेण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतील. बंद गाडीत दोन मिनिटांसाठीही सोडू नका.

गल्लीतल्या कुत्र्या-मांजरांचं काय?

सिमेंटची जड कुंडी, सावलीत, जाण्या-येण्याच्या वाटेपासून बाजूला. भांडणं टाळायला एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी. गाडी सुरू करण्याआधी वाकून खाली बघा. दुपारी सगळी तिथेच झोपलेली असतात.

पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या आहेत. मे महिन्यात छाटू का?

मे-जूनमध्ये कावळे, बगळे यांची घरटी भरलेली असतात. बगळ्यांच्या वसाहतीचं एक झाड छाटलं की अंडी-पिल्लांचा सडा पडतो. खरोखर धोकादायक फांदी असेल तेवढीच काढा, आधी खालून नीट बघून घ्या. शहरात झाड तोडायला १९७५च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली परवानगी लागतेच, छाटणीआधीही नगरपालिकेच्या वृक्ष विभागाला विचारा. नवीन झाड लावायचं असेल तर उंबर, वड, पिंपळ लावा. हरियाल, तांबट, कोकीळ यांना या झाडांच्या फळांवर दिवस काढता येतात आणि सावली तर मिळतेच.

वणवा दिसला तर?

दिसल्या क्षणी फोन करा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, गवत चांगलं फुटावं म्हणून माळ पेटवतात, आणि वारा आला की ती आग आवरत नाही. जमिनीवरची घरटी, कासवं, सापांची पिल्लं यांना पळता येत नाही. मोहाखाली पाला झाडून घेतला किंवा जुनी साडी अंथरली तरी फुलं वेचता येतात. बऱ्याच गावांत लोक तसं करतात. एकट्याने आग विझवायला आत जाऊ नका. जंगलातून जाताना विडी-सिगारेट तर अजिबात नको.

मदतीसाठी फोन कुणाला करायचा?

वन्यप्राणी, पक्षी, साप, वणवा, शिकारीचा संशय: महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६. पाळीव जनावरांसाठी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. बाकी शहरांतही आता अशी केंद्रं आहेत, जवळच्या केंद्राचा पत्ता वनविभागाकडून आधीच घेऊन भिंतीवर लिहून ठेवा.

फोनवर जागेची अचूक खूण सांगा, प्राणी कोणता वाटतो ते सांगा, तो हलतोय का, रक्त आहे का, किती वेळ झाला ते सांगा. नाव माहीत नसेल तर आकार आणि रंग पुरे. माणूस पोहोचेपर्यंत तिथेच थांबा, पण प्राण्यापासून लांब, आणि येणाऱ्यांसाठी तुमचा फोन मोकळा ठेवा.